चौसष्ट बाय चौसष्ट

ताईला अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर पाय परत आला, बोलणं परत आलं, डोकं तर कुठे गेलंच नव्हतं. फक्त उजवा हात आला नाही. तो मांडीवर नुसता पडून असायचा. सकाळी अंघोळीनंतर ती डाव्या हाताने त्याला उचलून नीट ठेवायची आणि म्हणायची, "बसा इथे. काम तर तुम्ही करणार नाही."

पंधरा वर्षं ताई व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढत होती. चौकोनाचौकोनांची चित्रं. जवळून पाहिली तर नुसत्या रंगीत चौकटी, दोन पावलं मागे गेलात की त्यातून झाड उभं राहतं, विहीर दिसते, कोल्हा पळायला लागतो. या कामात सफाईदार रेघ लागत नाही. कुठला चौकोन कुठल्या रंगाने भरायचा एवढंच कळावं लागतं, आणि ते तिला अजूनही कळत होतं. म्हणून मला वाटलं, डाव्या हाताने जमेल.

आम्ही दोघंच राहतो, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मी प्रोग्रॅमर आहे. पहिल्यांदा मी तिला बाजारातली तीन तयार सॉफ्टवेअर आणून दाखवली. पहिल्यात प्रत्येक गोष्टीला एकाच वेळी दोन हातांनी बटणं दाबावी लागायची. दुसरं टॅबलेटवरचं होतं. तिचा डावा हात थरथरला की ते आपणहून रेघ सरळ करायचं, आणि ताईला कुणी तिची चूक परस्पर सुधारलेली कधीच खपलं नाही. तिसरं साधं होतं, पण वीस पावलांपलीकडे मागे जाता येत नव्हतं. "मी दिवसाला दोनशे चुका करते," ती म्हणाली आणि तिथेही नकारघंटा वाजली.

शेवटी मीच एक लिहायला बसलो. दोन महिने गेले. बाण दाखवणाऱ्या चार कळांनी चौकोनावरून चौकोनावर जायचं, एका मोठ्या कळीने तो भरायचा. सोळा रंग. मागे कितीही पावलं जाता येईल. शिवाय मी आत एक नोंदवही ठेवली होती. कुठला चौकोन, कुठला रंग, किती वाजता, कुठल्या कळीने, हे सगळं तीत आपोआप लिहिलं जायचं. कुठल्या कळीपाशी तिचा हात अडखळतो ते मला बघायचं होतं, एवढाच त्यामागचा हेतू.

सरावासाठी तिने आमचीच खोली काढायला घेतली. चौसष्ट चौकोन आडवे, चौसष्ट उभे. खिडकी, टेबल, उघडं दार, खुर्चीत बसलेली ती स्वतः. तिचं डोकं म्हणजे चार चौकोन, पाठ म्हणजे नऊ. पाच दिवसांत एवढं झालं. पाचव्या दिवशी तिने मला बोलावून दाखवलं, तेव्हा मी पाणी पिण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही व्यायामाच्या बाईंकडे गेलो. तिथे ताईचा हात तासभर वरखाली करतात. घराला कुलूप होतं, कॉम्प्युटर चालूच राहिला होता. परत आलो तर चित्रात टेबलाखाली सावली पडलेली होती. दोन करड्या रंगांचे चौकोन एकाआड एक बसवलेले, कडेला विरळ होत गेलेले. अशी सावली ताई झटका येण्याआधी घालायची. दुसऱ्या कुणाची मी पाहिलेली नाही.

ताईला वाटलं मी केलं. मला वाटलं तिने सकाळी केलं आणि विसरली. मी नोंदवही उघडली. एक्केचाळीस चौकोन. वेळ अकरा वाजून दहा ते अकरा वाजून अडतीस. कळीच्या रकान्यात काहीच नव्हतं.

मी तिला सांगितलं की माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी घोळ आहे. तसा माझा विश्वासही होता. दुपारभर मी एकेक ओळ वाचून काढली. इंटरनेट तोडलं. कळ दाबल्याशिवाय एकही चौकोन भरला जाणार नाही अशी अट घातली आणि ती दहा वेळा तपासली.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर ऊन आलेलं होतं. सात चौकोन. ताई बराच वेळ बघत राहिली. "इथे मीही हेच केलं असतं," ती म्हणाली. ती खूश होती. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नीट.

त्यानंतर रोज थोडं थोडं होत गेलं. आम्ही खोलीत असलो की काही व्हायचं नाही. पाठ फिरली की व्हायचं. मी मोबाइल टेबलासमोर लावून चित्रण केलं. कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता, खुर्ची दिसत होती, आणि एका क्षणी चित्रातल्या खिडकीच्या पडद्याचा रंग बदललेला दिसत होता. त्याच्या आधीच्या क्षणी तो बदललेला नव्हता. मध्ये काहीच नव्हतं. खोली रिकामी होती.

मग एका सकाळी चित्रातल्या दारात काहीतरी आलं. सर्वांत गडद रंगाचे अकरा चौकोन, एकावर एक, वरच्या बाजूला जरा रुंद. अकरा चौकोनांत काय कळणार? टांगलेला कोट असू शकतो. दाराची सावली असू शकते. मी ते पुसून टाकलं. चहा करून आलो तर ते परत तिथेच होतं, फक्त दाराच्या आतल्या बाजूला.

मी ताईला म्हटलं की आपण हे बंद करू, मी दुसरं काहीतरी लिहितो. ती ऐकून घेत होती. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होती. मी गप्प झाल्यावर म्हणाली, "कोण आहे याच्याशी मला काय करायचंय? काम तर होतंय ना?"

आमच्या ऑफिसात एक जण आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हेच त्याचं काम, त्यामुळे सगळे त्याला शंकासूर म्हणतात आणि तोही ओ देतो. मी ते चित्र पेनड्राइव्हवर घालून त्याच्याकडे नेलं. सगळं सांगितलं नाही, फक्त चित्र आपोआप बदलतं एवढंच सांगितलं. तो म्हणाला की तुझ्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचाच कशाला, दुसऱ्या कुणाच्या तरी सॉफ्टवेअरमध्ये उघडू. ताईने नाकारलेलं पहिलंच सॉफ्टवेअर त्याच्या मशीनवर होतं. आम्ही नेटची वायर काढली आणि चित्र उघडलं. दारापाशी गडद अकरा चौकोन. त्याने पडद्याचा फोटो काढून ठेवला.

मग आम्ही चहाला खाली गेलो. परत आलो तर ते खोलीच्या मध्यावर होतं.

फोटो पडद्याशेजारी धरून शंकासूरने चौकोन मोजले. अकराच होते. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, आता बघत राहायचं. आम्ही वीस मिनिटं बघत राहिलो. काही हललं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात मागच्या टेबलावर फोन वाजला आणि आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली. अर्धा क्षण.

ते ताईच्या खुर्चीमागे होतं.

चार चौकोनांचं तिचं डोकं, आणि त्याच्या अगदी वर तो गडद आकार. मी म्हटलं, मागे उभा आहे. शंकासूर पडद्याच्या जवळ गेला, मग मागे झाला. हे असं चित्र लांबूनच कळतं.

"उभा नाहीये," तो म्हणाला. "वाकतोय."

मी ताईला फोन लावला. तिने उचलला नाही.

ऑफिसपासून घर पायी पंधरा मिनिटांवर आहे. भर दुपार होती. रस्त्यावर माणसं होती, चष्मेवाला दुकानाबाहेर उभा राहून काच पुसत होता. त्याने मला काहीतरी विचारलं. मी थांबलो नाही.

दार आतून नुसतं ओढलेलं होतं.

ताई खुर्चीत बसली होती. पाठ माझ्याकडे. तिच्या मागे कुणी नव्हतं. मी आधी तेच बघितलं.

पडद्यावर खोलीचं चित्र होतं, पण निराळं. ते मोठं झालं होतं. एकशे अठ्ठावीस बाय एकशे अठ्ठावीस. एका चौकोनाच्या जागी आता चार, आणि सगळीकडे बारकावे भरलेले. खुर्चीच्या वेताची वीण. टेबलाच्या लाकडाचे पट्टे. ताईच्या मानेवरचे बारीक केस.

"मोठं का केलंस?" मी विचारलं.

"त्याला जागा कमी पडत होती," ताई म्हणाली.

मी चित्रात तो आकार शोधला. दार, खिडकीचा पडदा, खुर्चीची मागची बाजू, कोपरे. तो गडद रंग कुठेच नव्हता. सोळा रंगांच्या पट्टीतून तो रंगच गेला होता. पंधरा उरले होते.

"ताई, तो कुठे गेला?"

ती उत्तर द्यायच्या आत मला माउसचा आवाज आला. टिक. मग परत, टिक.

तिचा डावा हात मांडीवर होता.

त्याला आता वर्ष होईल. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, मेंदू स्वतःच्या वाटा काढतो. व्यायामाच्या बाई तर रडल्या. मीही रडलो, खोटं का सांगू. माझी बहीण परत कामाला लागली होती. गेम बनवणाऱ्यांनी तिचं काम पाहून विचारलं की आधीपेक्षा इतका वेग कसा आला. ती हसून विषय बदलते. माझं सॉफ्टवेअर ती आता वापरत नाही. पहिलं, दोन्ही हातांचं, तेच तिला सोयीचं पडतं. मी लिहिलेलं सगळं मी पुसून टाकलं. शंकासूरने त्याच्याकडचा फोटो स्वतःहून पुसला, मला सांगितलं, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तो हल्ली आमच्या घरी येत नाही, म्हणजे बोलावलं तरी काहीतरी काम निघतं त्याला.

मी ताईला काही विचारत नाही. ती झोपते नीट, जेवते नीट, माझ्यावर आधीसारखीच ओरडते. माझी बहीण आहे ती, त्यात मला शंका नाही.

मागच्या रविवारी सकाळी ती खिडकीत वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसली होती. मी पलीकडे मोज्यांच्या जोड्या लावत होतो. उजव्या हातात नेलकटर धरून तिने डाव्या हाताची पाचही नखं कापली, कागदाची घडी केली, नेलकटर डबीत टाकलं आणि डबीचं झाकण लावलं.

"उजव्या हाताची राहिली की," मी म्हटलं.

"ती वाढत नाहीत," ताई म्हणाली आणि कागद टाकायला उठली.