खिडकी क्रमांक चार

जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या ओस्टरहाफन गावाच्या नगरकार्यालयात नागरिक नोंदणीच्या तीन खिडक्या होत्या. पहिली पासपोर्टची, दुसरी गावात राहायला येणाऱ्यांची आणि सोडून जाणाऱ्यांची, तिसरी जन्म-मृत्यूची. या तिन्ही खिडक्यांची प्रमुख होती वीबके लोरेन्झन. वय एक्कावन्न, चालणं भराभर, बोलणं मोजकं. एकोणतीस वर्षं तिने याच इमारतीत काढली होती आणि तिच्या हातून एकाही नोंदीत चूक झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या आठवड्यात वीबके खुशीत होती. परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर कार्यालयातून एकदाचं गेलं होतं. "आपल्या माणसांची नावं-पत्ते समुद्रापलीकडे कोणाच्या तरी यंत्रात ठेवायचे, आणि ते यंत्र आत काय करतं हे विचारायचीही सोय नाही. याला कारभार म्हणायचं का?" हा प्रश्न तिने नगरपरिषदेच्या प्रत्येक बैठकीत सहा वर्षं विचारला होता. लोक कंटाळले, हसले, पण शेवटी सरकारचंच धोरण बदललं. आता गावाची नोंदवही गावाच्याच तळघरातल्या सर्व्हरवर होती. नवं सॉफ्टवेअर मुक्त होतं, म्हणजे त्याची प्रत्येक ओळ कोणालाही उघडून वाचता येत होती. डेन्मार्कपासून पोर्तुगालपर्यंतची कितीतरी गावं तेच वापरत, दुरुस्त करत आणि दुरुस्ती सगळ्यांना वाटून देत. परिषदेतले विरोधक मात्र एखादी चूक कधी सापडते याची वाट बघत टपून बसले होते.

म्हणून वीबके रोज सकाळी चहाआधी गावाची लोकसंख्या आदल्या दिवसाच्या नोंदींशी स्वतः पडताळून पाहायची. मंगळवारी ती जुळली नाही.

"एक माणूस जास्त आहे," ती मोम्मेला म्हणाली.

मोम्मे संगणक विभाग सांभाळायचा. जवळच्या बेटावरचा, चौतीस वर्षांचा, हातात सदान्कदा माशाचा पाव. "जास्तच आहे ना बाई? कमी असता तर पोलिसांना बोलवलं असतं."

"मोम्मे, मला चेष्टा सुचत नाहीये. कोण आहे ते काढ."

नव्या व्यवस्थेत ते सोपं होतं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप होत असे आणि ती पुसता येत नसे. मोम्मेने दोन मिनिटांत ओळ काढली. आल्के बेरेन्स, जन्म १९२१. आधीची नोंद: मृत, १९६२, पुरात वाहून गेली, प्रेत मिळालं नाही. नवी नोंद: राहायला आली. पत्ता: डाइखश्ट्रासे ९. कुठून आली, ती जागा रिकामी होती. शेवटी नोंद करणाऱ्याचं नाव: खिडकी क्रमांक चार.

"आपल्याकडे चार नंबरची खिडकी नाही," वीबके म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे." मोम्मेने पाव बाजूला ठेवला. "जुनी माहिती नव्या सर्व्हरवर हलवताना याद्यांत काहीतरी सरमिसळ झाली असणार. पुसून टाकतो. परिषदेत कोणाच्या कानावर गेलं तर आपली सालटी काढतील."

वीबकेने मान हलवली. मोम्मेने नोंद पुसली, आकडा जुळला आणि दोघांनी चहा घेतला.

बुधवारी सकाळी तिसऱ्या खिडकीपुढे एक बाई उभी होती. अंगात वाऱ्यापावसाचा पिवळा कोट, डोळे कोरडे. डॉक्टरांचा कागद तिने काचेखालून आत सरकवला. यान्नेस बेरेन्स, वय चव्वेचाळीस, शाळेत व्यायाम शिक्षक. मृत्यूचं कारण: हृदयक्रिया बंद. पत्ता: डाइखश्ट्रासे ९.

खिडकीवरची मुलगी रजेवर होती, म्हणून वीबकेच बसली होती. तिची बोटं कळफलकावर थांबली.

"काल संध्याकाळी खुर्चीत बसले होते," बाई आपणहून सांगू लागली. "मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत संपलं होतं. कधी सर्दी झालेली नव्हती माणसाला. त्यांचे मोजे ओलेचिंब होते हो. जमीन कोरडी आणि मोजे ओले. डॉक्टर म्हणाले, घाम असेल."

वीबकेने शोक व्यक्त केला, शिक्का मारला आणि दाखला दिला. मग थेट तळघरात गेली.

तळघरात सर्व्हरच्या पंख्यांची एकसुरी घरघर होती. हवा कोरडी आणि थंड ठेवलेली असे, पण आज तिथे ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाचा वास येत होता. मोम्मे जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्या हातात उपटलेली नेटवर्कची तार होती.

"रात्रभर तार काढून ठेवली होती," तो म्हणाला. "बाहेरून कोणी आत शिरत असेल तर तोंडावर पडेल, असं वाटलं होतं. बाई, आज तीन आलेत."

तिघेही बुडालेले होते. एक खलाशी, एक परीट आणि एक सात वर्षांची मुलगी. प्रेत एकाचंही मिळालेलं नव्हतं. तिघांच्या नव्या पत्त्यांवर त्यांच्याच नात्यातली माणसं राहत होती.

"सॉफ्टवेअरमध्येच कोणीतरी घुसवलं असेल," वीबके म्हणाली.

"मग वाचा ना. त्यासाठीच तर आणलं आपण."

दिवसभर दोघांनी ओळन् ओळ वाचली. जेवण राहिलं, चहा निवला. सगळं स्वच्छ होतं. खिडक्या मोजणारा भाग फक्त अकरा ओळींचा होता आणि त्यात खिडक्या तीनच होत्या.

"जुन्या कंपनीच्या वेळी कसं बरं होतं," मोम्मे डोळे चोळत म्हणाला. "तक्रार लिहायची, त्यांच्या नावाने खडे फोडायचे आणि घरी जायचं. आता खडे कोणाच्या नावाने फोडायचे?"

तिच्या डोळ्यांपुढून ते ओले मोजे हलत नव्हते.

गुरुवारी मोम्मेने सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक पानावर, जिथे सगळ्या गावांची माणसं अडचणी मांडत, एक साधा प्रश्न टाकला: कोणाच्या यादीत असलेल्यापेक्षा एक खिडकी जास्त दिसते का? तासाभरात त्यालाच भीती वाटली आणि त्याने प्रश्न काढून टाकला. अर्ध्या तासाने वीबकेचा फोन वाजला.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून डाग्नी नावाची बाई बोलत होती. तीही नोंदणीतच काम करायची. तिचं जर्मन अडखळत होतं, पण आवाज ठाम होता.

"तुम्ही प्रश्न काढून का टाकलात?"

"चुकून टाकला होता," वीबके म्हणाली.

"आमच्याकडे ती सहावी आहे. आमच्या खिडक्या पाच."

वीबकेने दार लोटून घेतलं.

"तुम्ही नोंदी पुसल्यात का?" डाग्नीने विचारलं.

"एक."

"आम्ही सात पुसल्या होत्या," डाग्नी म्हणाली. "त्याच घरांतून सात अंत्ययात्रा निघाल्या. आम्हाला कळायला आठवडा लागला. आकडा जुळतोच हो, बाई. तो कसाही जुळवून घेतला जातो. तुम्ही आता एकही पुसू नका."

"पण मग ती माणसं..."

"मी आजारपणाच्या रजेवर आहे. पुन्हा बोलणं होणार नाही." फोन बंद झाला.

वीबके बसून राहिली. बाहेर बंधाऱ्यावर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चरत होत्या. एकोणतीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती की नोंद झाली म्हणजे गोष्ट झाली. तिने हात पुढे केला आणि त्या दिवसाच्या नव्या नोंदींची यादी उघडली.

सव्वीस नावं होती.

सतरावं तिने दोनदा वाचलं.

टाडे लोरेन्झन. तिचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी कोळंबीच्या होडीवर गेला होता. होडी मिळाली होती, तो मिळाला नव्हता. मृत्यूची नोंद वीबकेने स्वतःच्या हाताने केली होती, कारण दुसऱ्या कोणाला करू द्यायची नव्हती.

राहायला आला. पत्ता: म्यूलेनवेग १४.

तिथे वीबके राहायची. ती आणि तिची आई.

नोंदीला एक कागद जोडलेला होता. नव्या माणसाला घरात घेताना घरमालकाने लिहून द्यायचा असतो, तो संमतीचा कागद. खाली शाईने सही होती. थरथरती, उजवीकडे उतरत गेलेली. घर आईच्या नावावर होतं आणि सही आईची होती.

आईने दोन वर्षांत उंबरठा ओलांडला नव्हता.

दारात मोम्मे येऊन उभा राहिला. त्याने पडद्यावर पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, पुसायचं का?" त्याने अगदी हळू विचारलं.

घरात दोनच माणसं होती.

"नको," वीबके म्हणाली. "कशालाच हात लावू नकोस."

ती कोट घेऊन निघाली. म्यूलेनवेगपर्यंत चालत बारा मिनिटं लागत. ती सहा मिनिटांत पोचली.

आई स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. दुपारच्या उन्हाचा पट्टा तिच्या हातांवर पडला होता. चहात खडीसाखर तडकल्याचा बारीक आवाज आला. घरात दुसरं कोणी नव्हतं. वीबकेने प्रत्येक खोली पाहिली, माळा पाहिला, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"काय शोधतेस गं?" आईने विचारलं. "आणि आज इतक्या लवकर कशी?"

"आई, तू कुठल्या कागदावर सही केलीस का?"

आईने चहात साय ओतली आणि तिथल्या रीतीप्रमाणे चमचा न फिरवता तशीच राहू दिली.

"मला विचारलं त्यांनी," ती म्हणाली. "विचारल्यावर मी नाही कशाला म्हणू?"

"कोणी विचारलं?"

"ओरडू नकोस, वीबके. आपल्याच ऑफिसातलं माणूस होतं."

आईने कप ओठांना लावला. वीबकेने पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिला विचारवेना.

शुक्रवारी तिने महिन्याचा अहवाल सरकारला पाठवला. लोकसंख्येच्या रकान्यात यंत्र दाखवत होतं तोच आकडा लिहिला आणि खाली सही केली. परिषदेत कोणी काही विचारलं नाही. उलट, गाव वाढतंय म्हणून एकाने अभिनंदन केलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता गल्लीत नगरपालिकेचा ट्रक आला. घरात जितकी माणसं, तितका मोठा कचऱ्याचा डबा, असा गावाचा नियम. नोंदवहीत माणूस वाढलं की डबा आपोआप बदलून मिळायचा. वीबकेने खिडकीतून पाहिलं. गल्लीतल्या पाच घरांपुढे नवे डबे ठेवले गेले. सहावा तिच्या फाटकाशी.

ट्रक वळून गेला. ती अंगावर शाल घेऊन बाहेर आली. शेजारच्या घरातली बाईही आपल्या डब्याशी उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही नजर खाली वळवली.

वीबकेने डबा आत ओढायला धरला. तो जड लागला.

तिने झाकण उघडलं. तळाशी शिंपल्यांचा ढीग होता. एकेक शिंपला नीट उघडून, आतलं मांस खाऊन, पुन्हा मिटून ठेवलेला. तिने एकाला बोट लावलं.

तो अजून कोमट होता.