पंच्याऐंशीवर थांबलेला काटा

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल वाटून घ्यावं. मला कुणाला पटवत बसायची हौस नाही. पण जे सांगतेय ते माझ्यासोबत झालंय, आणि त्यातले दोन शब्द माझ्या वहिनीनेही स्वतःच्या कानांनी ऐकलेत.

काळोखी रात्र वगैरे काही नव्हती. चांगली लख्ख संध्याकाळ होती. ऊन उतरलं होतं, वारा पडला होता, आणि मी जमिनीपासून बरीच वर, दोन सीटच्या एका छोट्या विमानात एकटी होते.

एकटी...

निदान बसले तेव्हा तरी.

आधी दादाबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. विमान त्याचं आणि माझ्या नवऱ्याचं, दोघांच्या मालकीचं. दोघं जुने दोस्त. त्या दोस्तीतूनच माझं लग्न जमलं. दादा विमान उडवायचा, नवरा मेकॅनिक. हौशी लोकांना वरून एक फेरी मारून आणायची, असा त्यांचा धंदा.

मोटारीसारखंच या इंजिनलाही थंड राहायला कूलंट नावाचा गोडसर वासाचा द्रव लागतो. आम्ही सरळ पाणीच म्हणायचो. समोर त्याच्या तापमानाचा काटा असतो. काटा लाल पट्ट्यात गेला की इंजिनचा भरवसा नाही, आणि वर हवेत बाजूला थांबून बॉनेट उघडायची सोय नसते.

दादाला या काट्याचं वेड होतं. उडवताना त्याचे डोळे बाहेर असायचे, म्हणून काटा शेजारच्याने वाचायचा असा त्याचा नियम होता. थोड्या थोड्या वेळाने हेडफोनमध्ये त्याचा आवाज यायचा.

"पाणी?"

शेजारच्याने आकडा सांगायचा. मग दादा म्हणायचा, "बरं."

नवं गिऱ्हाईक हमखास आपली बाटली पुढे करायचं. दादा बाटलीतला घोटही घ्यायचा आणि परत विचारायचा, "पाणी?"

कुणी न बघता अंदाजाने ठोकून दिलं तर त्याला कसं कळायचं देव जाणे. पण मग तो "बरं" म्हणायचा नाही. गप्प राहायचा. जरा वेळाने परत तेच विचारायचा. खरा आकडा कानावर पडेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. मी त्याच्याकडूनच उडवायला शिकले. त्यामुळे यावरून माझा जितका उद्धार झालाय तितका दुसऱ्या कुणाचा झाला नसेल.

असा माणूस इंजिन तापून गेला.

त्या दिवशी तो एकटाच वर होता. पाणी गळून गेलं, इंजिन जाम झालं. शेतात उतरवायला गेला आणि बांधावर आदळला.

चौकशीला माणसं आली. नवऱ्याने काटा आणि त्याचा सेन्सर स्वतः काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सेन्सर गरम पाण्यात बुडवून पाहिला. काटा बरोबर वर चढला. दोन्ही चोख निघाले. म्हणजे इंजिन तापतंय हे समोर दिसत होतं आणि दादाने पाहिलं नाही, असा निकाल लागला.

वहिनीला ते फार लागलं. "जगाला पाणी पाणी करून पिडलं, आणि स्वतःच्या वेळी काय झोपला होता?" असं ती माझ्यासमोर म्हणाली. तिने त्याचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात टाकला. त्याचं नाव घेणं सोडलं. नवरा गेल्याचं दुःख माणूस कसंतरी पेलतो, पण तो स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला म्हटल्यावर तिला धड रडताही येईना.

आणि मी? मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तो माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. "एखाद्या दिवशी लक्ष चुकतं गं माणसाचं," तो म्हणाला.

पुढे त्याने विमान दुरुस्त केलं. नवं इंजिन बसवलं. जुनं हँगरच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिलं. पहिली फेरी मीच मारायची असं मी ठरवलं होतं. तो शेजारी बसणार होता. पण आयत्या वेळी म्हणाला, "तू एकटीच जा. वजन कमी राहील."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

विमान छान उठलं. शेजारची सीट मोकळी. त्या सीटचा हेडफोन हुकाला लटकत होता. खालून वॉकीटॉकीवर नवऱ्याने विचारलं, "काटा काय म्हणतोय?"

"पंच्याऐंशी."

"मग झालं तर," तो म्हणाला.

मी वळण घेतलं. खाली हँगर काडेपेटीएवढं दिसत होतं. दादाची फार आठवण येत होती, म्हणून मी बाहेर बघत होते.

तेवढ्यात हेडफोनमध्ये खरखर झाली...

"पाणी?"

मी सवयीने काट्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं, "पंच्याऐंशी."

आणि मग मी मोकळ्या सीटकडे पाहिलं.

खालून नवऱ्याने विचारलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण नवऱ्याचा आवाज मला कळतो. आणि तो या एका शब्दात कधीच विचारत नाही.

मी "बरं" येण्याची वाट बघत राहिले.

"बरं" आलं नाही.

इंजिनचा आवाज तेवढा चालू होता. मोकळ्या सीटवरचा हेडफोन हुकावर हलत होता. वारा नसतानाही...

"पाणी?"

"पंच्याऐंशी, दादा." माझ्या तोंडून निघून गेलं. "पंच्याऐंशीच आहे. नीट बघून सांगतेय."

गप्प.

कसलासा वास यायला लागला. गोडसर. साखर करपल्यासारखा...

"पाणी?"

यावेळी आवाज अगदी जवळून आला. चिडलेला नव्हता. मी लहानपणी गणित चुकले की तो जसा शेजारी बसून वाट बघायचा, तसा होता.

मी काट्याकडे टक लावून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की निघाल्यापासून हा काटा हललाच नाहीये. चढाव घेताना तो थोडा तरी वर जायला हवा होता. तो पंच्याऐंशीवर चिकटून बसला होता. माझी नजर शेजारच्या, तेलाच्या तापमानाच्या काट्यावर गेली.

तो लाल पट्ट्यात होता.

"तेल लालमध्ये गेलंय," मी कसंबसं म्हणाले.

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास सोडला...

"बरं."

मी इंजिनची ताकद कमी केली आणि नाक हँगरकडे वळवलं. मधला रस्ता मला आठवत नाही. धावपट्टीला चाकं लागली तेव्हा इंजिनमधून खडखड येत होती. मी सगळं बंद केलं आणि शेजारच्या हेडफोनकडे पाहिलं. त्याची वायर मी निघण्याआधीच काढून ठेवली होती. ती तशीच गुंडाळलेली होती.

नवरा धावत आला. पण माझ्याकडे नाही, इंजिनकडे. झाकणाला पाठ लावून उभा राहिला.

"थंड होऊ दे. आत्ता उघडू नको."

"बाजूला हो," मी म्हणाले.

झाकण उघडलं. पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत. एक पाईप फाटला होता. आणि सेन्सर जागेवर नव्हता. तो इंजिनच्या अंगात, तापलेल्या धातूत बसवायचा असतो. तिथे नुसता एक बोल्ट आवळून भोक बंद केलं होतं. सेन्सर होता पुढे, रेडिएटरमधून पाणी थंड होऊन बाहेर येतं त्या पाईपमध्ये. पाणी गेल्यावर तो रिकाम्या पाईपातली हवा मोजत बसला होता. इंजिन जळत होतं आणि काटा सगळं ठीक आहे म्हणून सांगत होता.

बोल्टवर जांभळी रेघ होती. बोल्ट आवळला की नवरा त्यावर रंगाची रेघ मारतो, म्हणजे सैल झाला तर कळतं. हा जांभळा रंग मी ओळखला. माझं नेलपॉलिश होतं ते. कधीचं हरवलेलं.

मी हँगरच्या मागच्या कोपऱ्यात गेले. नवरा मागून हाका मारत होता. मी ताडपत्री ओढली. जुन्या इंजिनवर, त्याच जागी, तसाच बोल्ट होता.

त्यावर जांभळी रेघ. धूळ बसलेली. म्हणूनच चौकशीच्या वेळी सेन्सर त्याने स्वतः काढून दिला होता.

मला त्या आवाजाची जी भीती वाटत होती ती तिथेच संपली. भीती वाटली ती मागे उभ्या असलेल्या माणसाची.

"रोज अर्ध्यातून परत यायचा तो," नवरा खाली बघत म्हणाला. "चढताना काटा जरा वर गेला की फिरला माघारी. लोक वैतागायचे. त्याचा जीव त्या काट्यात अडकलेला. मी फक्त काटा शांत केला."

"आणि या इंजिनात? माझ्या वेळी?"

"यात सेन्सर सरळ बसवला असता तर चढताना काटा वर गेला असता. मग कुणीतरी विचारलं असतं, आधीचा शेवटी शेवटी कसा चढायचा नाही."

तो हे अगदी साध्या आवाजात बोलला. या माणसाच्या खांद्यावर मी रडले होते. माझ्या भावाला त्याने मेल्यावरही निष्काळजी ठरवलं, आणि मी त्यालाच चहा करून दिला होता.

"पण पाणी गळत होतं हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "शपथ घेतो."

त्या संध्याकाळी मी त्या घरी गेले नाही. वहिनीकडे गेले.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्याशेजारी पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. बोल्ट, रेघ, सेन्सर, सगळं.

"त्याने काटा पाहिला होता, वहिनी. शेवटपर्यंत पाहत असणार. काटाच खोटा होता."

वहिनीचा हात घडीवर थांबला.

आतल्या खोलीतून, कपाटाच्या बाजूने, अगदी हळू...

"बरं."

वहिनीने माझं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ती घाबरलेली नव्हती. ती उठली, कपाट उघडलं, फोटो काढला, पदराने पुसला आणि भिंतीवर परत लावला. मग कितीतरी वेळ रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच धड रडली.

मलाही वाटलं, सुटला दादा.

ती जरा शांत झाल्यावर म्हणाली, "ठमे, पण असं का केलं गं तुझ्या नवऱ्याने? जीव घ्यायचा होता का?"

"नाही गं," मी म्हणाले. "मूर्खपणा केला. पाणी गळतंय हे त्याला माहीत नव्हतं."

खोलीत काहीच आवाज नव्हता. पंख्याचाही नाही.

मी वाट बघत राहिले. वहिनीही फोटोकडे बघत राहिली...

"पाणी?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ऐकू आलं होतं, आणि त्याचा अर्थ तिलाही ठाऊक होता. या माणसाबरोबर तिने संसार केला होता.

पोलीस चौकशी चालू आहे. नवरा अजून तेच सांगतो, माहीत नव्हतं. वकीलही तेच सांगतो. मी आता वहिनीकडेच राहते. "त्याला माहीत नव्हतं" हे वाक्य मी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या खोल्यांत म्हणून पाहिलंय. दर वेळी थोडी शांतता, आणि मग तोच प्रश्न. "बरं" एकदाही आलं नाही.

आणखी एक वाक्य आहे. "तू एकटीच जा म्हणाला, तेव्हाही त्याला माहीत नव्हतं."

ते मी अजून मोठ्याने म्हटलेलं नाही.