पट्ट्याचं मोकळं टोक

जेवणं झाल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, सायकली रात्रभर गाडीमागे रॅकवरच राहू देऊ, की वर आणू?"

मामा पायावर पांघरूण घेऊन भिंतीला टेकले होते. लॉजची खोली पहिल्या मजल्यावर होती आणि गाडी बरोबर खिडकीखाली.

"कुलूप?"

"दोन घातलीत. गाडीची पाठ भिंतीला लावलीय. पुढची चाकं काढून ही इथे आणलीत."

"आणि रॅकच्या पट्ट्यांची टोकं?"

"लोंबतायत," भाची हसत म्हणाली. "चोराला टोकं घेऊन काय करायचंय?"

मामा हसले नाहीत. "मोठा दिवा घालव," ते म्हणाले. "आमच्या साडूची गोष्ट सांगतो. खरी आहे. त्याच्या मुलीच्या तोंडून ऐकलेली."

आमचा साडू विमा कंपनीत तपासनीस. कोणाची गाडी चोरीला जाते, कोणाचं दुकान जळतं, आणि हा गृहस्थ तिथे जाऊन सिद्ध करतो की तुम्हीच लपवली आणि तुम्हीच पेटवलं. आयुष्यभर हेच केलं. त्यामुळे त्याच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार, पकडलेले आणि अजून न पकडलेले. माझ्या लग्नात त्याने माझ्याशी हात मिळवला आणि लगेच स्वतःच्या मनगटावर घड्याळ आहे ना, ते चाचपून पाहिलं. असा नग.

त्याला एकुलती एक मुलगी. सायकल शर्यतीत उतरणारी, आणि चांगली उतरणारी. डोंगरापलीकडच्या गावात दर डिसेंबरात मोठी शर्यत असते, तिथे हा तिला गाडीने घेऊन जायचा. मागे रॅक, रॅकवर सायकल. आणि बंदोबस्त काय वर्णावा! फ्रेममधून जाड केबल, केबलला कुलूप, चाकाला वेगळं कुलूप, वर एक अलार्म. मांजराचं शेपूट लागलं तरी बोंब ठोकणारा. पण पट्टे? ते हा जेमतेम अडकवायचा. का, तर पट्टा चोराला अडवत नाही. पट्टा फक्त सायकल पडू देत नाही. आणि जे चोराला अडवत नाही त्याला आमच्या साडूच्या लेखी किंमत शून्य.

दोन वर्षांपूर्वी शर्यतीच्या आदल्या रात्री ते वाटेत पेट्रोल पंपावर थांबले. साडू चहा घ्यायला आत गेला. अलार्म बोंबलला. धावत बाहेर येऊन बघतो, तर पंपाच्या कोपऱ्यात बसणारा पंक्चरवाला रॅकपाशी वाकलेला. एका हाताने पट्टा ओढतोय, तोंडात जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी.

"साहेब, पट्टा सैल आहे तुमचा. उतारावर सायकल पडेल. टोक बांधून देतो. पैसे नकोत."

"पैसे नकोत!" साडूने त्याचं मनगट धरलं. "ऐकलंत का? फुकट काम करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आजही पाहत नाहीये."

"बाबा, ते घट्टच करत होते," मुलगी गाडीतून म्हणाली. "मी बघत होते."

"तू गप्प बस. तुला माणसं कळत नाहीत."

मग पंपाच्या मालकाला बोलावणं झालं. चार लोकांसमोर पंक्चरवाल्याला खिसे उलटे करायला लावले. निघालं काय? खडू, पॉलिश पेपरचा तुकडा आणि ट्यूबच्या पट्ट्या. पण साडूने कंपनीचं कार्ड दाखवलं, आवाज चढवला. मालकाने घाबरून त्या माणसाला तिथून कायमचं उठवलं. साडू रुबाबात गाडीत बसला. पट्टा तसाच सैल.

उतारावर सायकल कलंडली. केबलला लटकून डांबरावर घासत गेली. केबल तुटली नाही हं. चोरीबिरी काही झाली नाही. फ्रेमचे तेवढे दोन तुकडे झाले.

साडू काय म्हणाला असेल? "बघ. त्या चोरानेच सैल करून ठेवला होता."

त्या दिवसापासून मुलगी बापाशी हो आणि नाही, एवढंच बोलायची.

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी रात्री पावणेबाराला ते पुन्हा त्याच रस्त्याने निघाले होते. तिच्या वयोगटातली ही शेवटची शर्यत. ही हुकली असती तर संपलं. सायकल नवी, कुलपं नवी. पट्टे पुन्हा जेमतेम. माणूस सुधारतो कुठे?

चंद्र नव्हता. पंप बंद होता. कोपरा रिकामा. साडूने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

पंपापुढे एक वळण आहे. तिथे मागून आवाज आला.

टक्…

साडूने गाडी थांबवली. "काच खाली करू नकोस," म्हणाला आणि उतरला. टॉर्च मारला. कोणी नाही. कुलपं जागेवर. केबल जागेवर. मग त्याने पट्टा पाहिला.

घट्ट. तारेसारखा ताणलेला. आणि त्याने लोंबतं सोडलेलं टोक… नीट दुमडून बांधलेलं होतं. ट्यूबच्या काळ्या पट्टीने.

अलार्म वाजला नव्हता.

तो आत येऊन बसला. मुलगी आरशात बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोलली.

"बाबा, मागे कोण होतं?"

"भुरटे चोर. पळाले."

"तुम्ही ब्रेक मारलात ना… लाल दिवा लागला… त्यात हात दिसले. दोन."

"तेच ते. थांबलेल्या गाडीला हात घालतात हरामखोर."

"थांबली नव्हती, बाबा… गाडी चालू होती."

साडूने दारं आतून लावली आणि गाडी पुढे काढली.

गावात पोचल्यावर त्याने लॉजच्या भिंतीला गाडीची पाठ अशी चिकटवली की मधून उंदीर जाणार नाही. चाक काढून खोलीत आणलं. मुलीला झोपायला लावून स्वतः खिडकीत बसला. "येऊ दे आता. हात मोडून ठेवतो."

बराच वेळ काही नाही.

मग…

चर्र…

बकलातून पट्टा ओढल्याचा आवाज. साडू उठला. खाली कोणी नाही. गाडी मात्र हलली. एकदाच. कोणी गुडघा टेकवून जोर लावावा, तशी.

चर्र…

अलार्म गप्प. साडूने ओरडायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

चर्र…

सकाळी गाडी पुढे घेतली. कुलपं किल्लीने सटासट निघाली. पट्टे सुटेनात. साडूने नखं मोडून घेतली. चाकू लावला, तो घसरला. तिकडे शर्यतीसाठी पोरं रांगेत उभी राहायला लागलेली. साडू घामाघूम होऊन शिव्या देतोय, कोणाला ते त्यालाच ठाऊक.

मुलीने त्याला बाजूला केलं. पट्ट्यावर तळवा ठेवला. हळूच म्हणाली, "काका, पोचलो आम्ही. नीट पोचलो. सोडा आता."

आणि पट्टा सैल झाला.

ती चौथी आली. बक्षीस नाही, पण शर्यतीत उतरली. परतताना तिने पंपावर गाडी थांबवायला लावली आणि पंक्चरवाल्याची चौकशी केली. पेट्रोल भरणारा म्हणाला, "इथून उठवल्यावर पुढच्या वळणावर बसायचा तो. तिथे ना दिवा, ना आडोसा. ट्रकवाल्याला दिसलाच नाही. झालं आता वर्ष."

साडू गाडीतूनच म्हणाला, "वळणावर कोणी बसतं का? अक्कल नको?"

मुलगी घरी गेली, तिने बॅग भरली आणि ती मावशीकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आली.

मामा थांबले.

"आणि रॅक?" भाचीने विचारलं.

"साडूने जन्मात कोणाला काही फुकट दिलं नव्हतं. एवढंच दिलं. रात्री आणून दारात टाकून गेला, चहालाही थांबला नाही."

"कोणाच्या दारात?"

मामांनी पांघरूण नीट केलं.

"मामा… आपला रॅक तुम्ही कुठून आणलात?"

"सायकली वर आणायची गरज नाही," मामा म्हणाले. "त्या रॅकवरून पडत नाहीत."

भाचा उठला. खिडकीतून वाकून त्याने खाली टॉर्च मारला. भिंतीला टेकलेली गाडी. दोन सायकली. कुलपं जागेवर.

तो तसाच वाकून राहिला. भाची त्याच्या शेजारी आली… आणि तिने त्याचा दंड धरला.

एकही टोक लोंबत नव्हतं.