मानवेलाची मूठ

अर्जुनी मोरगावच्या आमच्या पट्ट्यातला मानवेल बांबू आतून भरीव असतो, म्हणून काठीसाठी तोच बरा. पोकळ बांबू वाकवायला गेलं की चेपतो. मानवेल शेगडीवर फिरवत राहायचा. आधी त्याला घाम सुटतो, मग अंगातलं तेल वर येऊन चकाकतं आणि करपट-गोड वास येतो. तो वास आला की वेळ घालवायचा नाही. साच्याभोवती वळवायचा, सुतळीनं आवळायचा. यात जादू नाही, मंत्र नाही. देवाधर्माशी माझं तसंही फारसं जमत नाही.

एक रीत मात्र आमच्या घरात आहे. काठीची मूठ साच्यावरून काढली की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि ती निवेपर्यंत त्यानं घट्ट धरून बसायचं. मग वरून ओला फडका. बाबा म्हणायचे, "ज्याची काठी, त्याचाच हात." मला यात साधी सोय दिसायची. मूठ हाताच्या मापाची होते, तक्रार येत नाही.

पावसाळा संपता संपता बाबाच तलावाच्या पाळीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं, गोंदियाला ऑपरेशन झालं. रोज सकाळी पाळीपर्यंत चालत जाणारा माझा बाप, देवचंद, दवाखान्याच्या खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा, हे मला बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काठी धरून चालवा, नाहीतर कायमचे बसतील.

म्हणून ते दवाखान्यातच असताना मी काठी करायला घेतली. मूठ वळवली, आणि धरायला माझाच हात दिला.

"अजी, बाबांची काठी अन् तुमचा हात?" नीतू, माझी बायको, दारातून म्हणाली.

"बाप-लेकाचे हात सारखेच हायेत. गोंदियाले घेऊन जाऊ का गरम मूठ?"

ती फडका भिजवायला आत गेली. मूठ निवली, तेव्हा ती माझ्या हातात इतकी चपखल बसली होती की बोटं सोडवताना मला जरा जोर लावावा लागला.

बाबा घरी आले आणि त्या काठीवर उभे राहिले. आठवडाभरात अंगणात फिरू लागले. मला इतका आनंद झाला की मी गल्लीत पेढे वाटले.

मग मूठ उघडू लागली. बांबू थोडाफार उघडतोच, त्याचं मला नवल नव्हतं. पण ही रोज थोडी उघडत होती. गोल आकडा होता, त्याचा कोयता झाला. बाबांचा हात घसरू लागला.

त्याच सुमारास माझी उजवी बोटं आखडली. सकाळी उठलो की हात वळलेला असायचा, कशाला तरी धरल्यासारखा. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. "हड्डी तो एकदम ठीक है, उमेंद्रजी," ते म्हणाले. गोळ्या घेतल्या, तेल चोळलं. बोटं उघडली नाहीत. नुसत्या शेगडीजवळ गेलो की तेवढी सैल पडायची.

दिवाळी झाली तेव्हा काठी पार सरळ झाली होती. मूठ कुठून वळवली होती, ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. बाबा पुन्हा खाटेवर बसले.

"मले आता पाळ दिसत नाई," ते म्हणाले आणि रडू लागले. बाबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी लगेच शेगडी पेटवली. म्हटलं, पुन्हा वळवू, त्यात काय एवढं. अंगणात लख्ख ऊन होतं. निखारे फुलले तसा मी त्यांच्यावर हात धरून अंदाज घेतला. बोटं सैल झाली. हाताला घाम सुटला. मग त्वचेवर काहीतरी चकाकलं.

करपट-गोड वास आला.

काठी अजून भिंतीशीच होती.

मागे खाट करकरली. बाबा आधाराशिवाय उठले होते. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि त्यांचा तोल गेला. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

माझी बोटं त्यांच्या पंजाभोवती वळली. मी वळवली नव्हती.

"बाबा, सोडा."

"हालू नोको." त्यांनी आवळून धरलं. डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण आवाज कामावरचा होता. "निवू दे."

मला दुखत नव्हतं. दुखायला हवं होतं.

नीतू ओला फडका घेऊन आली. कोणी सांगितलं तिला, विचारायचं राहूनच गेलं.

आता बाबा रोज पाळीपर्यंत जातात. पाय खणखणीत झालेत. वाटेत कोणी थांबवलं, तर ते माझ्यावर भार टाकून गप्पा मारतात. लोक म्हणतात, पोरगा असावा तर असा. बाप चालतो, याचं मलाही बरंच वाटतं.

घरी आलो की ते खाटेवर टेकतात. त्याआधी मला दाराआडच्या कोपऱ्यात नेऊन, भिंतीला नीट टेकवून ठेवतात.