कुडपणच्या हद्दीवर

कुडपणच्या माळावर काठी रोवून एक तरुण आभाळाकडे बघत उभा होता. काठीच्या टोकाला पांढरी तबकडी.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"उपग्रह," तो हसला. "मी हर्षद. पोलादपूरहून जमिनीच्या मोजणीला आलोय. तुम्ही?"

"सेजल, हैबतीकाकांची पुतणी. मी सूर्याचा अभ्यास करते."

मग तो विचारतच राहिला... सूर्यावरून विद्युतभारित वायूचे प्रचंड ढग सुटतात, त्यातले काही सुसाट, काही रेंगाळणारे, असं का?

"सुटतात तिथलं चुंबकीय बळ जितकं जास्त, तितका वेग. पण वाटेत सौरवारा भेटतो. सुसाट आलेल्याला तो आवरतो, मंद असेल त्याला ओढत नेतो."

"म्हणजे माझ्यासारख्यालाही आशा आहे..."

माझे गाल तापले. "एक ढग परवा सुटलाय. उद्या संध्याकाळी तो पोचला की उपग्रहांचे संदेश बिघडतील, तुमचं यंत्र भरकटेल."

"हद्दीचा दगड दुपारीच बसवायचाय. जमेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गणित पुन्हा पाहिलं आणि चूक सापडली. हा ढग सुटायच्या आदल्याच दिवशी त्याच दिशेने दुसरा ढग गेला होता. त्याने वाट मोकळी केली होती — मागच्याला अडवणार कोण?

मी शेतात धावले. काका आणि शेजारचे मालोजी दगड घेऊन उभे होते.

"थांबा! माझं चुकलं. ढग दुपारीच पोचतोय."

"ऊन तर लख्ख हाय गो!" काका वैतागले. "साहेब, गाडा दगड. धा वर्षं भांडतोय आम्ही."

हर्षदने माझ्याकडे पाहिलं... क्षणभरच. "नाही काका. आज नाही."

"पोरीच्या शब्दावर?" मालोजी म्हणाले.

"हो. हिच्याच."

साडेबाराला यंत्राच्या पडद्यावरचे आकडे नाचू लागले. काठी जागच्या जागी. हद्द मात्र कधी काकांच्या नाचणीत, कधी मालोजींच्या वरीत. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि एकदम हसत सुटले.

सूर्याचं हे वादळ ओसरल्यावर, तिसऱ्या दिवशी, दगड बसला. दोघांनाही मान्य.

हर्षद जीपमध्ये सामान भरत होता. "मोजणी संपली... आता इथे यायला कारण उरलं नाही."

"रविवारी या. मी घरी सांगून ठेवलंय."

"काय?"

"मला आवडलेला मुलगा जेवायला येणार आहे."

त्याच्या हातातली पेटी निसटता निसटता राहिली. "मग... काय म्हणाले घरचे?"

"आईने विचारलं, तिखट किती खातो?"

"भरपूर!" तो म्हणाला. साफ खोटं होतं ते — चेहऱ्यावरच दिसत होतं.