नऊ रात्रींनंतर उरलेली खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, शेजारणीच्या मावशीच्या जावेची नाही. माझ्या घरात घडली आहे, आणि मी अजून त्याच घरात राहते.

ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल दुसरं काही वाचावं. मनधरणी करायची मला सवय नाही.

माझं नाव डिग्ना. आमच्या मोंपोस गावात सगळे मला नीन्या डिग्ना म्हणतात. नीन्या म्हणजे पोरगी. नातवंडं झाली तरी आमच्या नदीकाठी बाईला मानानं पोरगीच म्हणतात.

माझा मुलगा एवेलियो मागच्या फेब्रुवारीत गेला. मोटरसायकल, समोरून ट्रक. याहून जास्त मी लिहिणार नाही.

मी रडले नाही. लोकांनी ते बघितलं, आपापसात कुजबुजले. कुजबुजू देत. दाढ काढताना भूल देतात ना, मग आपलाच गाल आपला वाटत नाही. तसं सगळं अंग झालं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की घरात नऊ रात्री प्रार्थना चालते. अख्खी गल्ली येते. बायका आत जपमाळ घेऊन, पुरुष बाहेर रस्त्यावर डोमिनो घेऊन. एवढ्या लोकांना बसायला एका घरात खुर्च्या कुठून येणार? म्हणून प्रत्येक घर आपल्या खुर्च्या पाठवतं. त्याच, मोंपोसच्या झुलत्या खुर्च्या, वेतानं विणलेल्या. दिसायला सगळ्या सारख्या. म्हणून प्रत्येकीच्या बुडाखाली घराची खूण असते. माझी हिरव्या रंगाचा फराटा. पेत्रोनाची पितळी खिळे.

नऊ रात्री सरल्या की सकाळी खुर्च्या उलट्या करायच्या, खुणा बघायच्या आणि ज्याच्या त्याला पोचवायच्या.

पोचवून झाल्या.

एक उरली.

मी ती उलटी केली. खाली बघितलं...

काहीच नव्हतं. ना रंग, ना खिळा, ना चाकूची रेघ.

वेत फाटून लोंबत होता. एक हात निखळलेला. पण लाकूड महोगनी, तेही जुनं, जड. असलं लाकूड आता कुणाच्या बापाला परवडत नाही.

पेत्रोना माझ्या शेजारी उभी होती. माझी कोमाद्रे, म्हणजे एवेलियोची धर्माची आई. बाप्तिस्म्याला त्याला हिनंच हातात धरलं होतं.

"रस्त्यावर ठेव ती," पेत्रोना म्हणाली. "खूण नसलेली खुर्ची घरात घ्यायची नसते. माझी आजी चर्चच्या भिंतीशी नेऊन ठेवायची."

"तुझ्या आजीला महोगनी फेकायची ऐपत होती. मला नाही."

"मी मस्करी करत नाही, डिग्ना."

"मग मीही नाही. एका बाजूनं धर, आत घेऊ."

तिनं धरली नाही. मी एकटीनं ओढत आत नेली.

का नेली ते सांगते. हौस नव्हती मला.

माझी सून नेइला. तिची बहीण बारांकियात असते. ती रोज फोन करायची... ये इकडे, शहरात काम मिळेल, पोरीला चांगली शाळा मिळेल. नेइला मला काही बोलली नव्हती. पण तिच्या पलंगाखाली बॅग उघडी होती. रोज त्यात एखादा कपडा वाढायचा.

एवेलियो गेला. आता नात, माझी मैरा, तीही गेली, तर या घरात उरणार मी आणि कोंबड्या.

मी कुणाचे पाय धरणारी बाई नाही. मी ठरवलं, मागच्या दोन खोल्या अशा सजवायच्या की निघताना तिचा पाय उंबऱ्यात अडकला पाहिजे.

पैसा नव्हता. पण घरात अडगळ भरपूर होती. वाळवी लागलेल्या कपाटाला रॉकेल पाजलं. काचेच्या तुकड्यानं जुना रंग खरवडला. तुटक्या दाराची फळी पलंगाच्या डोक्याशी लावली. हॉटेलवाल्यानं टाकलेल्या चादरी आणल्या, कांद्याच्या सालांत उकळून पिवळ्या केल्या, त्यांचे पडदे शिवले. शिंप्याकडच्या चिंध्या जोडून उशांचे अभ्रे.

नेइला दारात उभी राहून बघायची. तीही माझ्यासारखीच. चेहऱ्यावर काही नाही.

"कशाला एवढं करताय, नीन्या डिग्ना? आम्ही कदाचित..."

"ते वाक्य पुरं करू नकोस. ही सुई ओव, मला दिसत नाही."

ती ओवून द्यायची. मग हळूहळू बसायला लागली. मग मशीनवर तीच बसली. दोघी तासन् तास शिवायचो. आवाज काय तो मशीनचा.

सगळ्यात शेवटी ती खुर्ची घेतली.

हात सरसानं चिकटवला, सुतळीनं आवळला. लाकूड घासलं, जवसाचं तेल चोळलं. वेत टपात भिजत घालून स्वतः विणला. मला बापानं शिकवलंय, मोंपोसमध्ये माझ्या विणीला नाव ठेवणारा अजून जन्मायचा आहे. ओला वेत विणायचा, तो वाळला की असा ताणून बसतो की बोटानं टिचकी मारली तर ढोलासारखा वाजतो.

वाजला.

वर फुलाफुलांची गादी शिवून टाकली आणि खुर्ची मैराच्या खोलीत खिडकीशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. पंखे थांबले. मैरा शाळेत. नेइला आणि मी पुढच्या खोलीत पडद्याची झालर टाचत होतो.

आतून आवाज आला...

कर्र. टक्.

कर्र. टक्.

वारा नव्हता. नदीकाठचं पानसुद्धा हलत नव्हतं.

मी उठून गेले. आवाज थांबला. खुर्ची रिकामी होती.

पण मागे कललेली.

आता हे नीट समजून घ्या, कारण शहरातल्यांना हे माहीत नसतं. रिकामी झुलती खुर्ची थोडी पुढे येऊन थांबते. मागे कलते ती माणूस बसला की. वजनानं. ही मागे कललेली होती, आणि तशीच राहिली होती.

मी पुढे ढकलली. ती आली. हात काढला...

सावकाश मागे गेली.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मनात एवढंच आलं की खालच्या वाकड्या पट्ट्या झिजल्या असतील. पाचर मारली आणि परत शिवायला बसले.

संध्याकाळी बघितलं तर पाचर भिंतीशी नीट ठेवलेली होती. पडलेली नव्हती. ठेवलेली.

आठवड्यात वेत लोंबला. माझा वेत. मी विणलेला. कुणीही बसलं नव्हतं, मैरासुद्धा नाही. तिला मी विचारलं.

"तू उड्या मारतेस का गं खुर्चीवर?"

"नाही, आजी."

"मग बसतेस?"

"कशी बसू?" ती म्हणाली, आणि वहीत चित्र काढत राहिली.



वेत कापून काढला, नवा विणला. तोही लोंबला. परत विणला. माणूस रोज भांडी घासतो तसं मी वेत विणायला लागले.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं...

खोलीत भरपूर जागा होती. तरी मैरा खिडकीकडे जाताना खुर्चीच्या पुढून वळसा घालून जायची. जवळून नाही, हातभर सोडून. नेइला जायची तेव्हा परकर आवळून घ्यायची.

बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांवरून जाताना आपण जातो, तसं.

आणि मी? मी रोज झाडताना तिथे पोचले की म्हणत होते, "जरा पाय घ्या." कधीपासून म्हणत होते, ठाऊक नाही.

त्या दिवशी मी झाडू टाकला आणि पेत्रोनाकडे गेले.

"नऊ रात्री त्या खुर्चीत कोण बसत होतं?" मी विचारलं.

तिनं कॉफी पुढे सरकवली. "मला माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मी एकदा बसायला गेले होते. पण कुणीतरी बसलेलं होतं, म्हणून मी दुसरी घेतली."

"कोण?"

"अंगणाच्या कोपऱ्यात, दिव्याकडे पाठ. जाडजूड माणूस वाटला. मला वाटलं तुझ्या माहेरचा कुणी."

"माझ्या माहेरी जाड कुणी नाही. आम्ही सगळे काटक."

"ते तोंडावरूनच कळतं."

मी गल्लीत बाकीच्यांना विचारलं. मासेवाल्या रामिरोला, पलीकडच्या मास्तरणीला. सगळ्यांनी हेच सांगितलं.

बसणारच होतो... पण तिथे कुणीतरी होतं.

चेहरा कुणीच बघितला नव्हता.

घरी येताना मी ठरवलं, खुर्ची आजच चर्चच्या भिंतीशी. पेत्रोनाला टोमणे मारायला विषय मिळेल तर मिळू दे.

आत शिरले तर नेइला मैराच्या खोलीत जमिनीवर बसली होती. खुर्चीसमोर. हातात ताटली, त्यात उकडलेला युक्काचा कंद आणि तळलेला बोकाचिको मासा. ती जेवत होती. फेब्रुवारीपासून मी तिला पोटभर जेवताना बघितलं नव्हतं.

पलंगाखालची बॅग दिसत नव्हती. कपाटात कपडे लावलेले होते.

"बसा ना," ती मला म्हणाली.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"मी बहिणीला नाही म्हणून सांगितलं," नेइला म्हणाली. "इथे झोप लागते. दुपारी पडलं की हा आवाज येतो, आणि... तो असताना कशी लागायची, तशी झोप लागते."

कर्र. टक्.

खुर्ची हलत होती. आमच्या दोघींच्या देखत.

"मी मुद्दाम बोलले नाही," ती म्हणाली. "तुम्ही खुर्ची काढून टाकाल म्हणून. पण तुम्हीही दर आठवड्याला वेत विणता, तेव्हा मला कळलं की तुम्हालाही माहीत आहे."

मी वेताकडे बघितलं. गादी बाजूला सरकली होती. खोलगट भाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरला होता.

माझा एवेलियो काडीसारखा होता. त्याची पॅंट शिवताना मी कंबर दोनदा आत मुडपायची. आणि तो झुलत्या खुर्चीत कधी बसायचाच नाही. लहानपणापासून त्याला गरगरायचं. सगळे बाहेर झुलत बसले की हा दगडी पायरीवर.

नेइला आठ वर्षं बायको होती त्याची. अर्धा वेळ तो बोटीवर कामाला. तिला ते ठाऊक नसेल. किंवा ठाऊक असेल, आणि तिनं ते बाजूला ठेवलं असेल.

"नीन्या डिग्ना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आवाज न करता. पहिल्यांदाच. "तोच आहे ना?"

मी खोलीभर बघितलं. पिवळे पडदे. चिंध्यांच्या उशा. भिंतीवर मैरानं काढलेली बोट. कपाटाचं दार, जे मी खरवडलं होतं, आणि त्याच्या आत नीट लावलेले कपडे.

"तोच आहे, बाई," मी म्हटलं. "दुसरं कोण असणार."

खुर्ची थांबली.

तोवर आम्ही ऐकत होतो त्याला. आता... तो आम्हाला ऐकत होता.

नेइलाला तसं वाटलं नाही. तिनं डोळे पुसले, ताटली उचलली आणि वाकून खुर्चीच्या हातावर ओठ टेकले. मी तिला अडवलं नाही. अडवायला हात उचलला असता, पण हात माझा वाटत नव्हता.

पेत्रोना म्हणते, अजून वेळ गेलेली नाही, मी येते, दोघी मिळून उचलू. मी म्हणते, तुझी कंबर सांभाळ. ती माझ्या घरात आता बसत नाही. कॉफी दारातच पिते.

मी कुणाला भुलवलं, असं मला वाटत नाही. सून जेवते. नात इथल्या शाळेत जाते. मला जे हवं होतं ते झालं.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली.

परवा सकाळी मैरा दप्तर घेऊन निघाली. तिच्या आईनं तिला सांगितलं असणार. दारातून ती मागे वळली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "पप्पा, येते."

मी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. हात तसाच राहिला.

कारण खुर्ची करकरली नाही...

आतून कुणीतरी सावकाश उठल्याचा आवाज आला. आणि लाकूड पुढे येऊन थांबलं, रिकामं झाल्यासारखं.

मग मैराच्या मागोमाग दाराचा पडदा हलला.

ती शाळेतून दुपारी वेळेवर आली. हसत होती, भूक लागली म्हणाली. मी तिला वाढलं. तिला काहीच विचारलं नाही.

ती खायला बसली, आणि बसताना तिनं आपल्या शेजारचं स्टूल थोडं ओढून दिलं.