सावरगव्हाणची झाकणमाय

वैशाखातल्या एका सकाळी अनुपमा मॅडमची गाडी अमरावतीहून बाळापूरकडे निघाली, तेव्हा शेजारच्या सीटवर गौरांग मांडीवर पुस्तकांचं पुडकं घेऊन बसला होता. पुस्तक त्याचंच होतं. धर्मविद्या संस्था दर वर्षी एका विद्यार्थ्याचा प्रबंध छापायची. यंदा त्याचा छापला होता. बाळापूर भागातल्या सात ग्रामदेवींवरचा. प्रकाशनाच्या संध्याकाळी त्याच्या भिक्षुक वडिलांनी अंबागेटच्या आपल्या गल्लीत घरोघर पेढे वाटले होते.

"ज्यांनी माहिती दिली त्यांच्या हातात प्रत द्यायची, ही आपल्या संस्थेची रीत आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि तुझ्या माणिकबाईंना तर मला भेटायचंच आहे. सातवं प्रकरण वाचताना डोळ्यांत पाणी आलं रे."

गौरांगने मान हलवली. गाडीत एसी होता तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

सहा देवी खऱ्या होत्या. त्यांच्यासाठी तो हिंडला होता, म्हाताऱ्यांजवळ बसला होता. सातवीच्या वेळी ऊन फार चढलं. तो अकोल्याला जठारपेठेत आत्याकडे राहायचा, सकाळी बसस्टँडवर जायचा, रसवंतीत बसून रस प्यायचा आणि परत यायचा. आराखड्यात मात्र सात देवी लिहून दिलेल्या. शेवटी एका दुपारी आत्याच्या कूलरसमोर पालथं पडून त्याने झाकणमाय रचली. नाल्याकाठी बाभळीखाली एक दगड आणि त्यावर कायम पालथं घातलेलं सूप. तिचं तोंड कुणी पाहायचं नाही. म्हणजे फोटोचा प्रश्नच मिटला. तिची हकिकत सांगायला माणिकबाई नावाची एक म्हातारी. गावाचं नाव तेवढं नकाशावरून उचललं. सावरगव्हाणला त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

आता अकोला यायच्या आत सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. मूर्तिजापूर गेलं. अकोल्यात मॅडमनी त्याला चहा पाजला, त्याच्या चिकाटीचं कौतुक केलं, आणि त्याने नुसते आभार मानले. बाळापूरचा किल्ला दिसू लागला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम…"

"काय रे?"

"माणिकबाई बहुतेक नसतील आता. वय झालं होतं त्यांचं."

बोलल्यावर त्याची त्यालाच किळस आली.

सावरगव्हाणात पारावर पन्नाशीचा एक शेतकरी बसला होता. मॅडमनी काच खाली केली. "इथं झाकणमायचं ठाणं कुठे आहे हो?"

गौरांगने डोळे मिटून घेतले.

"झाकणमाय? हे काय, नाल्यापल्याड," माणूस म्हणाला. मग वाकून आत पाहिलं. "अरे, गौरांगभाऊ! कवाचे नाई आले! वयखलं नाई का? मी नत्थुजी."

गौरांग त्याला ओळखत नव्हता.

नत्थुजी पुढे चालला. नाला कोरडा होता. पल्याड बाभळीखाली दगड, दगडावर पालथं सूप. बाभळीच्या खोडावर शेंदराचे थर चढून बोटभर जाड झाले होते. मागे जुन्या सुपांचा ढीग, खालची कुजून मातीत मिसळलेली. मॅडमनी चपला काढून हात जोडले. गौरांगने सुपाच्या कडेला बोट लावलं. ऊन असूनही ते गार होतं.

कुठेतरी ऐकलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. आत्या कधी बोलली असेल. आणि त्याला एकदम हलकं वाटलं. आता कुणाला काही सांगायची गरज नव्हती. त्या हलकेपणाचीच मग इतकी लाज वाटली, की मॅडमकडे बघवेना.

"चाला," नत्थुजी म्हणाला. "माणिकबाई वाट पाहून राहिली तुमची."

माणिकबाई ओसरीत बसली होती. पंचाहत्तरीची, बारीक, कपाळावर हिरवं गोंदण. गोंदणाबद्दल त्याने जसं लिहिलं होतं, तसंच.

"आला का बापू," ती म्हणाली. "बस. पानी पे."

मॅडमनी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते कपाळाला लावलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवलं. देवळीच्या वर हार घातलेली एक तसबीर होती. शाळेच्या गणवेशातला मुलगा. ओल लागून त्याच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग पडला होता.

गौरांगला आपलंच वाक्य आठवलं. प्रकरणाच्या शेवटी त्याने एक वाक्य टाकलं होतं. नुसती देवी कोरडी वाटत होती म्हणून. माणिकबाईंचा एकुलता मुलगा नदीत बुडाला, तेव्हापासून त्या झाकणमायचं सूप बदलतात. एवढंच. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं ते याच वाक्याला.

"बापू," माणिकबाई म्हणाली, "एक पुसू का? माह्या पोराचं नाव काय होतं रे?"

मॅडमनी गौरांगकडे पाहिलं.

"म्हातारी झाली मी. सारं याद हाये. नदीचं पानी याद हाये, त्याले खाटीवर आणलं थे याद हाये. नावच येत नाई तोंडात. हाका मारतो म्हनलं तं काय म्हनू? तुले सांगतलं असन मी."

मॅडमनी पुडक्यातली दुसरी प्रत चाळली. "इथे तर नुसतं 'मुलगा' लिहिलंय, गौरांग. नाव राहिलं का तुझं लिहायचं?"

हीच वेळ होती. मी इथे कधीच आलो नव्हतो, एवढं एक वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलं. म्हातारी तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"श्याम," तो म्हणाला.

"श्याम," माणिकबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "श्याम! व्हय रे माय, श्याम." आणि ती तसबिरीकडे तोंड करून हाका मारू लागली, आधी हळू, मग मोठ्याने.

दारात उभा असलेला नत्थुजी खाली बसला.

"काय झालं हो?" मॅडमनी विचारलं.

"श्याम," तो म्हणाला. "माह्याच वर्गात होता, मॅडम. थो नाई म्हनत होता. मीच त्याले पोहाले नेलं."

गौरांग त्याच्याजवळ गेला, काहीतरी बोलायला. त्याने नत्थुजीचा हात धरला.

बाहेर नदीनाले आटलेले होते. मघापर्यंत कोरडी असलेली नत्थुजीच्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत ओली होती.